घर बुडालं म्हणजे नक्की काय बुडालं?

एक घोडेस्वार जळालेल्या रानातून चालला आहे. झाडांचे नुसते काळे खुंट उरलेत, जमिनीवर राख आहे, आणि सगळीकडे धुकं. रान संपतं तिथे एक प्रचंड जुनं घर उभं आहे. दार उघडणारा म्हातारा नोकर पाहुण्याला आत घेतो आणि पहिल्यांदा काय सांगतो, तर बूट काढा.

आपल्याला यात काहीच वाटत नाही. चपला दाराबाहेर काढूनच आपण मोठे झालो. पण १९६० सालच्या अमेरिकी प्रेक्षकाला तिथेच पहिला धक्का बसत असणार. आणि कारण ऐकल्यावर दुसरा : घराच्या मालकाला पावलांचा आवाज सहन होत नाही. त्याचे कान इतके तिखट झालेत की साधं बोलणंही टोचतं. जिभेला मसाला चालत नाही, अंगाला जाडंभरडं कापड चालत नाही. मालकाचं नाव रॉडरिक अशर. चित्रपटाचं नाव ‘हाऊस ऑफ अशर’. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन, आणि मालकाच्या भूमिकेत, केस पांढरे करून, लाल अंगरख्यात वावरणारा व्हिन्सेंट प्राइस.

आधीच सांगतो, पुढे शेवटासकट सगळी गोष्ट येणार आहे. चित्रपट साठीच्या पुढे गेलाय, आणि मला जे बोलायचंय ते शेवट सांगितल्याशिवाय बोलता येणार नाही.

राक्षस कुठाय?

ते जळालेलं रान खरं होतं. हॉलिवूडच्या टेकड्यांवर वणवा लागल्याची बातमी कॉर्मनला कळली. आग विझल्यावर तो मोजकी माणसं, एक घोडा आणि नायक मार्क डेमन यांना घेऊन तिथे पोचला आणि सुरुवातीचं दृश्य टिपून आला. बाकी जवळजवळ सगळा चित्रपट स्टुडिओच्या आत झाला. कॉर्मनचं म्हणणं असं, की एडगर ॲलन पोच्या कथा माणसाच्या मनाच्या तळघरात घडतात, तेव्हा खरं आभाळ आणि खरी हिरवी झाडं पडद्यावर दिसताच कामा नयेत. जळकं रान चाललं, कारण ते मुळातच खरं वाटत नव्हतं.

कॉर्मन तेव्हा चौतिशीचा होता. शिक्षणाने इंजिनिअर, धंद्याने झटपट सिनेमे काढणारा. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही तो ज्यांच्यासाठी काम करायचा ती कंपनी स्वस्तातले कृष्णधवल चित्रपट जोडीजोडीने काढायची. एका तिकिटात दोन. गिऱ्हाईक म्हणजे गाडीत बसून उघड्यावर सिनेमा बघणारी, ‘ड्राइव्ह-इन’ला जाणारी तरुण पोरं. एकेक चित्रपट दहाएक दिवसांत उरकायचा. कॉर्मनने मालकांपुढे वेगळाच प्रस्ताव ठेवला : दोन कृष्णधवल चित्रपटांऐवजी एकच काढू. रंगीत, रुंद पडद्याचा, आणि चित्रीकरणाला १५ दिवस. गोष्ट पोची, जी शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते आणि जिच्या हक्कांसाठी कुणाला एक छदाम द्यावा लागत नाही.

पुढचा किस्सा कॉर्मन आयुष्यभर सांगत राहिला. कंपनीचे एक मालक सॅम्युएल आर्कॉफ यांनी कथा ऐकून विचारलं, यात राक्षस कुठाय? भुताखेतांच्या चित्रपटात राक्षस नको का? कॉर्मन म्हणाला, घर हाच राक्षस. मालकांचं समाधान झालं. पुढे चित्रीकरणात प्राइसला एक वाक्य बोलायचं होतं, हे घर जिवंत आहे, श्वास घेतं अशा अर्थाचं. त्याने विचारलं, याचा अर्थ काय? कॉर्मनचं उत्तर : अर्थ एवढाच, की या वाक्यामुळे आपल्याला हा चित्रपट करायला मिळाला.

तीनेक लाख डॉलरमध्ये चित्रपट झाला. नेपथ्यकार डॅनियल हॅलरने दुसऱ्या स्टुडिओतलं वापरून झालेलं सामान स्वस्तात उचललं आणि त्यातून अशरांचं घर रचलं. कॅमेऱ्यामागे फ्लॉइड क्रॉस्बी होते, १९३१च्या ‘टाबू’साठी ऑस्कर मिळवलेले. पटकथा रिचर्ड मॅथेसनची. बोलणारी पात्रं जेमतेम चार. घराण्याच्या अफाट संपत्तीची ही गोष्ट अशी जुन्या बाजारातल्या मालावर उभी राहिली.

‘घर हाच राक्षस’ हे वाक्य तेव्हापासून या चित्रपटाला चिकटलं, ते आजतागायत. मालकाला पटवायला ते उत्तम होतं. पण चित्रपट नीट पाहिला तर मला ते खरं वाटत नाही. या घरात जीव घेणारा जो आहे तो दोन पायांवर चालतो.

ज्याला काहीच मिळालं नाही

मूळ कथा सप्टेंबर १८३९मध्ये फिलाडेल्फियाच्या एका मासिकात छापून आली. पो त्याच मासिकात आठवड्याला १० डॉलरवर सहायक संपादक होता. पुढे या कथेसह त्याचा संग्रह निघाला, तेव्हा प्रकाशकाने मानधन दिलं नाही, पुस्तकाच्या २० प्रती दिल्या.

वडिलोपार्जित घराची सगळ्यात गाजलेली भयकथा लिहिणाऱ्या या माणसाच्या नावावर कधीच घर नव्हतं. आईवडील नाटकात काम करणारे. बाप सोडून गेला, आई १८११मध्ये रिचमंड गावी वारली, तेव्हा पो तीन वर्षांचाही नव्हता. तिथल्या जॉन ॲलन या तंबाखूच्या व्यापाऱ्याने त्याला घरी नेलं, शिकवलं, आपलं आडनाव त्याच्या नावात घातलं, पण कायद्याने दत्तक कधीच घेतलं नाही.

१८२५मध्ये ॲलनचे श्रीमंत काका वारले आणि इस्टेट ॲलनकडे आली. त्यात मळे होते आणि त्या मळ्यांवर राबणारी गुलाम माणसंही. त्याच वर्षी ॲलनने रिचमंडमध्ये एक भव्य घर विकत घेतलं. सोळा वर्षांचा पो त्या घरात राहायला गेला. वारशातून आलेलं मोठं घर आतून कसं असतं, ते त्याने तिथे पाहिलं असणार. पुढे जुगाराचं कर्ज, भांडणं, घर सोडणं. ॲलनने दुसरं लग्न केलं, त्याला मुलगे झाले. १८३४मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्रात पोचं नावच नव्हतं.

पाच वर्षांनी पोने अशरांचं घर लिहिलं. त्या कथेत एक गंमत आहे. आसपासचे शेतकरी ‘हाऊस ऑफ अशर’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात इमारत आणि खानदान यांत फरकच नसतो. इंग्रजीत हे समजावून सांगायला पोला काही ओळी खर्चाव्या लागल्या. मराठीत लागल्या नसत्या. आपण ‘घर बुडालं’ म्हणतो तेव्हा भिंती पाण्यात गेल्या असं कुणी समजत नाही. घराणं गेलं, पत गेली, दिवा लावायला कुणी उरलं नाही, असं समजतात. पोच्या कथेत हे शब्दशः घडतं. शेवटचे दोन वारस मरतात, भिंतीतली बारीक भेग रुंदावते, आणि घर समोरच्या काळ्या तळ्यात बुडतं.

मेलेल्यांची मालकी

अशी घरं पोच्या आधीपासून पडत आली होती. १७६४च्या डिसेंबरात लंडनमध्ये होरेस वॉलपोलने ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ छापलं. भयकादंबरीची सुरुवात याच पुस्तकापासून धरतात. आजोबाने खऱ्या मालकाला विष घालून खोटं मृत्युपत्र केलं, नातू त्या किल्ल्यात राज्य करतोय, आणि एक दिवस आकाशातून प्रचंड शिरस्त्राण कोसळून नातवाचा एकुलता मुलगा चिरडतो. शेवटी किल्ल्याच्या भिंतीच ढासळतात. म्हणजे या प्रकारच्या गोष्टींच्या मुळाशी जे आहे ते भूत नव्हे, बनावट कागद आहे.

युरोपात किल्ले होते, सरदार घराणी होती, तिथे अशा गोष्टी रुजणं साहजिक होतं. अमेरिकेत त्या का रुजाव्यात? तो देश तर जन्मालाच आला पूर्वजांचं ओझं झुगारून. व्हर्जिनियाने १७७६मध्येच कायदा करून जमीन पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याला बांधून ठेवणारी पद्धत मोडली. त्यामागे थॉमस जेफरसन होता. त्यानेच १७८९मध्ये जेम्स मॅडिसनला एक पत्र लिहिलं. पृथ्वी जिवंत माणसांची आहे, मेलेल्यांचा तिच्यावर काही हक्क नाही, असं त्या पत्राचं सार.

विचार झणझणीत आहे. पण हे लिहिणाऱ्या जेफरसनला स्वतःला बापाकडून आणि सासऱ्याकडून जमीन मिळाली होती, सासऱ्याचं कर्ज मिळालं होतं, आणि शंभराहून अधिक गुलाम माणसंही मिळाली होती. कर्ज फेडण्यात त्याचा जन्म गेला. ती माणसं मात्र बहुतेक तशीच पुढच्या हिशोबात गेली. आणि योगायोग पाहा : त्याने स्थापन केलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठात १८२६मध्ये जे विद्यार्थी होते त्यांत सतरा वर्षांचा पो होता. त्याच वर्षी ४ जुलैला जेफरसन वारला.

मेलेल्यांचा हक्क कागदावर संपवता येतो. त्यांनी जे मिळवलं ते मात्र जिवंतांच्या ताब्यात राहतं, आणि ते कसं मिळवलं हा प्रश्नही सोबत राहतो. नॅथॅनियल हॉथॉर्नला हे घरातूनच ठाऊक होतं. त्याचा खापरपणजोबा जॉन हॅथॉर्न हा १६९२च्या सेलममधल्या चेटकीण खटल्यांतला एक न्यायाधीश. नातवंडाच्या नातवंडाने आडनावाचं स्पेलिंग बदललं, एक अक्षर वाढवलं, आणि १८५१मध्ये ‘द हाऊस ऑफ द सेव्हन गेबल्स’ लिहिलं. त्यात पिंचन नावाचा बडा माणूस शेजाऱ्यावर चेटकाचा आळ येऊन तो फासावर जाईल असं बघतो, त्याची जागा बळकावतो आणि तिच्यावर सात त्रिकोणी छपरांचं घर बांधतो. कादंबरीतला एक तरुण तावातावाने म्हणतो, की आपण राहतो ती घरं मेलेल्यांची, वाचतो ती पुस्तकं मेलेल्यांची, निवाडेही मेलेल्यांचेच.

याच कादंबरीवर १९४०मध्ये चित्रपट निघाला होता. त्यात वडिलोपार्जित घरात अडकलेल्या भावाची भूमिका करणारा तरुण नट होता व्हिन्सेंट प्राइस. म्हणजे अशरांच्या घराचं दार वाजण्याआधी वीस वर्षं तो दुसऱ्या अशाच घरात राहून आला होता.

भिंतीवरचे पूर्वज

आता चित्रपटाकडे. फिलिप विन्थ्रॉप हा बोस्टनचा तरुण. रॉडरिकची धाकटी बहीण मॅडलिन हिच्याशी त्याचं लग्न ठरलंय आणि तो तिला न्यायला आलाय. रॉडरिक म्हणतो, परत जा. या घराण्यात वेड आहे, विकृती आहे, मॅडलिनला मूल झालं तर हे सगळं पुढे जाईल. आमच्याबरोबर हे संपू दे.

मग तो फिलिपला पूर्वजांच्या तसबिरी दाखवतो. चित्रकार बर्ट शॉनबर्गने त्या मुद्दाम ओबडधोबड, भगभगीत रंगांत काढल्यात. पाहुण्यांच्या दिवाणखान्यात टांगतात तशा त्या मुळीच नाहीत. रॉडरिक एकेकाची ओळख करून देतो, लग्नघरात काकामामांची करून देतात तशा संथ आवाजात. हा चोर आणि सावकार, माणसांचा व्यापार करणारा. हा ठग, बनावट दस्त करणारा. हा पैसे घेऊन खून करणारा. ही खंडणीखोर आणि खुनी, वेड्यांच्या इस्पितळात मेली. आणि हा जहाजाचा कप्तान : चोरटा माल आणणारा, गुलामांचा व्यापारी, घाऊक माणूसमाऱ्या.

यातलं काहीही पोच्या कथेत नाही. पोचे अशर कलासक्त आहेत, गाजावाजा न करता दानधर्म करणारे आहेत. त्यांचा दोष एवढाच, की वंशाला फांद्या फुटल्या नाहीत, बापाकडून मुलाकडे असा एकच सरळ बुंधा चालत आला. घराण्याचे गुन्हे मॅथेसनने १९६०मध्ये लिहिले. घर इंग्लंडहून उचलून आणलंय, दगडांबरोबर त्यातलं पापही जहाजातून आलंय, हेही रॉडरिकच सांगतो. ही जमीन एकेकाळी सुपीक होती, मग सगळं सुकलं, पाणी नासलं.

मॅथेसन राजकीय भाष्य करत होता असा माझा दावा नाही. त्याला घाबरवायचं होतं. पण घाबरवणारा लेखक आपल्या काळात कशाला हात घातला की लोक दचकतात, हे बरोबर ओळखतो. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी दुकानातल्या गोऱ्यांसाठी राखीव खानावळीत जाऊन बसले आणि उठले नाहीत. उन्हाळ्यात ‘हाऊस ऑफ अशर’ झळकला. गाडीत बसून तो पाहणारी बरीच मुलं नव्या वस्त्यांत राहणारी होती. युद्धानंतर शहरांबाहेर एकसारख्या घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध लेविटाउन, १९४७ची. कोरी भिंत, कोरं स्वयंपाकघर, पूर्वजांचा पत्ता नाही. पण लेविटाउनच्या सुरुवातीच्या करारांत एक कलम होतं : घरकामाचे नोकर सोडून गोऱ्यांखेरीज कुणीही या घरात राहायचं नाही. एकही तसबीर नसलेल्या घरात भूत असं शिरलं होतं, करारातल्या छापील ओळीतून.

पेटीचं झाकण

रॉडरिकबद्दल सगळ्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की तो काही लपवत नाही. आमच्या खानदानात असलं काही नव्हतं असं म्हणणारा वारस आपल्या ओळखीचा असतो. रॉडरिक तसा नाही. त्याला सगळं पाठ आहे, नावानिशी, तारीखवार म्हणावं इतकं. त्याची कबुली पूर्ण आहे. आणि त्या कबुलीचा उपयोग तो कशासाठी करतो?

मॅडलिनला झटके येतात. अंग ताठ होतं, श्वास लागत नाही, मेल्यासारखी दिसते. भावाबहिणीचं कडाक्याचं भांडण होतं आणि तिला झटका येतो. तिला पेटीत ठेवतात. ही पेटी आधीच तयार आहे. तळघरात पूर्वजांच्या ओळीत तिच्या नावाची पेटी ती जिवंत असतानाच ठेवलेली आहे, फिलिपने ती पाहिलीय. प्रार्थनेच्या वेळी पेटीत तिची बोटं हलतात. रॉडरिकला दिसतं. तो झाकण लावतो.

हे त्या घरातलं सगळ्यात भयंकर दृश्य, आणि त्यात धड आवाजसुद्धा नाही. झुंबर कोसळतं, कठडे निखळतात, पेट्या घसरून सांगाडे बाहेर पडतात, स्वप्नात निळ्याजांभळ्या उजेडात पूर्वज फेर धरतात, त्या सगळ्यापेक्षा तो एक हात झाकणावर येतो तेव्हा पोटात गोळा येतो. घराने कुणाला मारलं नाही. भावाने बहिणीला जिवंत गाडलं. तिचं लग्न होऊ नये म्हणून, नाव तिच्या पोटी पुढे जाऊ नये म्हणून. आणि मनात म्हणत गाडलं, की हे मी नाही करत, हे आमच्या रक्तात आहे.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. वासे फिरतात खरे, पण पहिल्यांदा घर कोण फिरवतं ते म्हण सांगत नाही. रॉडरिकने पूर्वजांच्या पापांची यादी पाठ केली आणि त्या यादीत आणखी एक भर घातली. ज्यांना लुबाडलं, ज्यांना विकलं, त्यांचं कुणी मागे उरलं असेल का, हा प्रश्न त्याला एकदाही पडत नाही. त्याला फक्त अशर दिसतात, मेलेले अशर आणि मरणारे अशर. पश्चात्तापातही तो स्वतःच्या घराण्यातून बाहेर पडू शकत नाही.

आणि फिलिप? तो समंजस, आधुनिक. शाप वगैरे मानत नाही. मेलेल्यांचं मेलेल्यांपाशी, असा त्याचा खाक्या. आपण त्याच्या बाजूने असतो. पण मॅडलिनचा दफनविधी होतो तेव्हा तोही पेटीशेजारी उभा असतो, आणि झाकण लागू देतो. नंतर म्हाताऱ्या नोकराच्या तोंडून सहज निघून जातं की बाईंना असे झटके पूर्वीही यायचे, तेव्हा कुठे तो कुऱ्हाड घेऊन तळघराकडे धावतो. उशीर झालेला असतो. रॉडरिक त्याला सांगतो, की त्याच्या तिखट कानांना बहिणीच्या नखांचा आवाज सारखा ऐकू येत होता. ज्याला पावलांचा आवाज सोसत नव्हता, त्याने तो आवाज सोसला.

शेवटी मॅडलिन रक्ताळलेल्या हातांनी बाहेर येते, भावाचा गळा धरते, आग लागते, आणि घर दोघांना व म्हाताऱ्या नोकराला घेऊन तळ्यात जातं. फिलिप एकटा वाचतो.

ज्यांना वारसा मिळत नाही

याच्या अकरा वर्षं आधी आपल्या मुंबईत, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये, कमाल अमरोहींनी ‘महल’ (१९४९) केला होता. त्याचा अशरांशी धागा जुळवायचा नाही, पण शेजारी ठेवून पाहायला मजा येते. तिथे घर वडिलोपार्जित नाही, नायकाच्या वडिलांनी लिलावात घेतलेलं आहे. तरी भिंतीवर जुन्या मालकाची तसबीर आहे आणि ती हुबेहूब नायकासारखी. अशोक कुमारचा नायक त्या तसबिरीपायी आपण मागल्या जन्मी इथलेच होतो असं मानू लागतो, आणि बायकोचा संसार उद्ध्वस्त करतो. रात्री गात फिरणारी ती बाई, जिच्या गाण्याने विशीतल्या लता मंगेशकरांचं नाव देशभर झालं, ती भूत नसतेच. ती माळ्याची मुलगी असते. तिथे वाढलेली, तिथल्या गोष्टी ऐकून स्वप्नं रंगवलेली, आणि त्या घरावर कागदोपत्री कसलाही हक्क नसलेली.

रॉडरिकच्या घरातली मॅडलिन, महालातली माळ्याची मुलगी, रिचमंडच्या घरातला पो. तिघंही घरातच राहतात, आणि घर त्यांचं नाही. या सगळ्या गोष्टींमध्ये घर झपाटलेलं असतं ते बहुतेक वेळा अशाच कुणामुळे तरी.

आपल्याकडे हे दृश्य घडायला तळघर लागत नाही. तालुक्याच्या कचेरीबाहेर टायपिंगवाल्याच्या टेबलाशी हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी तुम्ही पाहिल्या असतील. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क १९९४मध्ये दिला, देशभर तो २००५मध्ये आला. तरी सही होते. भाऊ दुष्ट असतात असं नाही. आपल्यात अशीच पद्धत आहे, असं ते म्हणतात. रॉडरिकही साधारण हेच म्हणतो, फक्त जास्त चांगल्या इंग्रजीत.

आगीचा वारसा

घर जळण्याच्या दृश्यासाठी कॉर्मनला दक्षिण कॅलिफोर्नियात पाडायला काढलेलं एक जुनं धान्याचं कोठार मिळालं. थोडे पैसे देऊन ते रात्री पेटवलं आणि कोसळणाऱ्या जळत्या तुळया टिपल्या. चित्रपट इतका चालला की कंपनीने पोच्या नावावर १९६४पर्यंत आणखी सात काढून घेतले, आणि काटकसरी कॉर्मनने हीच जळती तुळई त्यांतल्या अनेकांत पुन्हा पुन्हा कोसळवली. एका घराण्याची आग दुसऱ्याला वारशाने जात राहिली. त्यांतल्या ‘द हाँटेड पॅलेस’मध्ये (१९६३) तर प्राइस खापरपणजोबाचा वाडा वारशाने घ्यायला येतो, भिंतीवरच्या तसबिरीत स्वतःचा चेहरा पाहतो, आणि हळूहळू खापरपणजोबाच होऊन बसतो.

२००५मध्ये ‘हाऊस ऑफ अशर’ला अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदीत जागा मिळाली, म्हणजे जपून ठेवण्याजोगा ठेवा ठरला. कॉर्मन २०२४च्या मे महिन्यात, ९८व्या वर्षी गेला. जुन्या सामानातून उभं केलेलं ते घर आता तुमच्या-माझ्या वारशात आलंय.

ते ८० मिनिटांत पाहून होतं. पाहाल तेव्हा झुंबराकडे आणि भेगेकडे जरूर बघा, त्यासाठीच ते केलंय. पण दफनविधीच्या दृश्यात रॉडरिकच्या चेहऱ्यावरून नजर काढून पेटीकडे न्या. आपल्याला जे घर, जी जमीन, जे आडनाव मिळालं त्याबद्दल बोलताना आपण साधारण दोनच सुरांत बोलतो. एक फिलिपचा : जुनं ते झालं, माझा त्याच्याशी काय संबंध. दुसरा रॉडरिकचा : काय करणार, आमच्यात पहिल्यापासून असंच. दोघांचं एकमेकांशी पटत नाही. पण झाकण लागतं तेव्हा दोघंही तिथेच उभे असतात, आणि आतली बोटं अजून हलत असतात.